नळाच्या दिवशी बिघडणारा लॅपटॉप

आमच्या गल्लीतल्या बाया त्या लॅपटॉपला पांढऱ्या पायाचा म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, माझ्या तोंडाला सगळी गल्ली ओळखून आहे, पण म्हणतात. ते यंत्र घरात आलं आणि घराला दृष्ट लागली म्हणे. डोंबलाची दृष्ट! माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या जिवावर काय टपून बसलंय, हे त्या घरात सगळ्यांत आधी कुणाला कळलं असेल तर त्या लॅपटॉपला. तो आपल्या परीनं बोंबलून सांगत होता आणि आम्ही शहाणी माणसं त्यालाच खराब ठरवत बसलो होतो.

परंड्यात किल्ल्याच्या खंदकापासनं हाकेच्या अंतरावर आमचं घर आहे. मी हायस्कूलला भूगोल शिकवते. घरात माझे मालक, थोरले दीर आणि जाऊबाई. मालकांचं बाजारात खताचं दुकान. दीर एसटीत कंडक्टर होते, जन्मभर कुर्डुवाडीच्या फेऱ्या मारून रिटायर झाले, पण घरात बोलतात ते अजून भरल्या गाडीत बोलल्यासारखंच. जाऊबाईंना मी अक्का म्हणायची. त्या मला मास्तरीणबाई म्हणायच्या, आणि म्हणताना हळूच हसायच्या.

अक्कांची एकुलती एक लेक आखातातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, एकदा दिवस राहून गेलेही होते, आणि त्या वर्षी पुन्हा राहिले होते. पोरगी रात्रपाळी संपवून व्हिडिओ कॉल करायची. पण अक्कांच्या फोनची काच तडकलेली, त्यात डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागलेला.

"लेकीचं तोंड दिसतंय का नुसतं नाक, काय कळत न्हाय बघ," त्या म्हणायच्या. "तिच्या पोटाकडं बघायचं हाय मला. एवढ्या टीचभर काचंत काय दिसतंय?"

मलाही शाळेच्या कामाला लॅपटॉप हवाच होता. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. टच स्क्रीनचाच घ्यायचा, कारण अक्का माउसच्या वाटेला जाणाऱ्यातल्या नव्हत्या. नेटवर बघून बघून त्यातल्या त्यात स्वस्त मागवला. पटला नाही तर काही दिवसांत परत घेऊ, असं विकणाऱ्यानं लिहिलं होतं.

मी कुठलीही वस्तू घेतली की तिची परीक्षा घेतल्याशिवाय सोडत नाही. मिक्सर घेतला तेव्हा दुकानदाराकडून त्यात हळकुंड फोडून घेतलं होतं. स्वस्त वस्तूनं स्वस्तासारखं वागावं, ढोंग करू नये, एवढंच माझं म्हणणं असतं. लॅपटॉपनं ढोंग केलं नाही. अंगणात नेला की पडद्यावर आपलंच थोबाड दिसायचं, घरात मात्र अक्षर स्वच्छ. शाळेचं पोर्टल, लाईटबिल, बातम्या, एवढं एकदम उघडलं तरी कुरकुर नाही. त्यावर ज्वालामुखीचा व्हिडिओ लावला की धापा टाकायचा. आवाज डब्यातून आल्यासारखा. कॅमेऱ्यात आम्ही सगळेच आठ दिवस तापानं पडलेले दिसायचो. मराठी लिहायला ठीक. उलटा वळवला की तंबूसारखा उभा राहायचा, ते अक्कांना फार आवडलं.

टच मात्र माझ्या बोटाला लगेच ओळखायचा, अक्कांच्या बोटाला नाही. भाकऱ्या थापून आणि भांडी घासून त्यांच्या बोटांची कातडी पार जाड झाली होती, त्यात त्या दारावरची बेल दाबावी तशा दाबायच्या.

"दाबू नका अक्का, टेकवा नुसतं. हळू."

"आता ह्या डबड्याच्या गालाला हात लावू व्हय, लेकरागत?"

"लावा."

लावला, आणि उघडलं. पहिल्यांदाच लेक एवढी मोठी दिसली. ती उठून उभी राहिली, कडेला वळली, कुर्ता ओढून पोट दाखवलं. पडद्यावरून दोन्ही हात फिरवून अक्कांनी आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. पडद्यावर पिठाचे पट्टे उमटले, ते मी दुसऱ्या दिवसापर्यंत पुसले नाहीत. त्या दिवशी मी त्या लॅपटॉपला मनातल्या मनात पास करून टाकलं होतं.

मग नळ सुटला.

आमच्याकडं नळ रोज येत नाही. आठ-दहा दिवसांनी सुटतो, कधी त्याहून उशिरा, आणि वेळेचा काही भरवसा नाही. सुटला की गल्लीत लग्नघाई. पाण्याला जोर नसतो, म्हणून जो तो नळाला मोटार लावून पाणी ओढतो. ते नियमात बसत नाही, म्हणून मोटारी नळाच्या खड्ड्यात दडवलेल्या असतात, वर फळी टाकून. खड्ड्यात बारा महिने ओल. मग मोटार करंट मारते. थोडाच मारते, पण सगळ्यांचीच मारते, त्यामुळं त्याचं कुणाला काही वाटत नाही. त्यावर गल्लीनं काढलेला उपाय म्हणजे मोटारीची चप्पल. रबरी चपलांचा जुना जोड खड्ड्याच्या कडेला ठेवलेला असतो. जो मोटारीला हात लावणार त्यानं तो घालायचा, बाकी कुठंच घालून जायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा अक्कांनी मला देवघर दाखवलं, चूल दाखवली आणि मोटारीची चप्पल दाखवली. मीही इतकी वर्षं ती घालून मोटार चालू करत आले होते.

तर नळ सुटला, अक्कांनी चप्पल घालून मोटार लावली, आणि मी पुढच्या खोलीत लॅपटॉप चार्जिंगला लावून पोरांचे गुण भरत बसले होते. एकाएकी पान आपोआप वर सरकायला लागलं. मी हात लांब घेतला. तरी सरकतच राहिलं. मग खालचा कीबोर्ड उघडला, त्यावर कुणीतरी भराभरा एकच अक्षर उमटवायला लागलं. कुणी नव्हतं. पान बंद झालं, दुसरं उघडलं, अक्कांच्या लेकीचा फोटो उघडला, मोठा झाला, आणखी मोठा झाला, नुसता डोळाच पडदाभर राहिला.

अक्का ओल्या हातानं दारात येऊन बघत राहिल्या. "अगं बया! ह्याच्या अंगात आलं की गं!"

"अंगात नाही, खराब आहे मेला," मी म्हणाले. पण तो पडदाभर डोळा बघून मीही खुर्ची मागं सरकवली होती, खोटं कशाला बोलू.

विकणाऱ्याला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात सगळं पुसून नव्यानं चालू करायला सांगितलं. केलं. तोवर तो आपोआपच शहाणा झाला होता. पुढं आठवडाभर सरळ चालला. मी बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडंही नेऊन आले, तिथं तर मामाच्या घरी आलेल्या भाच्यासारखा शहाण्यासारखा बसला. आणि पुन्हा नळ सुटला त्या दिवशी पुन्हा तेच. आता मात्र मी परत पाठवायचं ठरवलं, खोकंसुद्धा माळ्यावरून काढलं. उचलायला म्हणून मी त्याच्या बिजागरीला हात लावला, आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

मुंग्या ओळखीच्या होत्या. त्या मोटारीच्या होत्या.

मी अंगणाकडं ओरडले, "अक्का, मोटार बंद करा!" मोटार बंद झाली. पडदा जागच्या जागी थांबला. बिजागरी थंड. "लावा आता!" लावली. पान सरसरा सरकायला लागलं. "बंद करा!" थांबलं. अक्कांना वाटलं मला खुळ लागलंय. मी मात्र तिथंच खुर्चीवर बसले, कारण मला कळायचं ते कळलं होतं.

भूगोल शिकवत असले तरी सातवीपर्यंतचं विज्ञानही मी अधनंमधनं शिकवते. बोर्डातल्या तिसऱ्या भोकाचं काम एवढंच, की कुठल्या यंत्रातनं करंट गळाला तर त्यानं मुकाट जमिनीत निघून जावं. त्यासाठी घराची तार अंगणातल्या एका खड्ड्यात पुरलेली असते. आमचाही तसा खड्डा होता, उन्हाळ्यात आम्ही त्यात पाणी ओतायचो. आदल्या वर्षी अंगणात फरशी बसवली, आणि फरशीवाल्यानं खड्डा बुजवून तार मुळापासनं तोडून टाकली. कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तेव्हापासनं मोटारीतनं गळलेला करंट जमिनीत जात नव्हता. तो घरभर हिंडत होता आणि खाली उतरायला वाट शोधत होता. चार्जरमधनं लॅपटॉपच्या पडद्यापर्यंत येऊन तो त्याला बोटासारखा लागत होता, एवढंच. माणसासारखं माणूस ओल्यात उभं राहून मोटारीला शिवलं, तर वाट म्हणजे ते माणूस. मधे फक्त एक रबरी चप्पल.

लॅपटॉप परत पाठवायचं मी तिथंच रद्द केलं.

दुपारच्या चहाला दोघे भाऊ होते तेव्हा मी हे सगळं सांगितलं. बाजारातनं टेस्टर आणला होता, तो मोटार चालू असताना लॅपटॉपच्या स्क्रूला लावून दाखवला. टेस्टरचा दिवा लालभडक पेटला.

"टेस्टर काय, कशानं बी पेटतो," दीर म्हणाले. "इतकी वर्षं मोटार चालतीय. कुणाला काय झालंय का?"

"भाऊजी, व्हायची वाट बघायची आहे का?"

"तुमचं शाळेतलं सांगू नका. मोटार खोलायची म्हंजी गॅरेजला टाकायची, चार दिवस तिकडंच. तेवढ्यात नळ सुटला तर? घट तोंडावर आलेत. घर धुवायचंय, गोधड्या धुवायच्यात. बिनपाण्याचे घट बसवता का?"

"मग निदान अर्थिंगची तार तरी नवीन टाकून घ्या."

"दसरा हू द्या. मग बघू सगळं."

मालकांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "अगं, चप्पल घालतोच की आपण," ते म्हणाले, आणि दुकानात निघून गेले.

मी गप्प बसणारी नाही. वायरमनला स्वतः फोन केला. तो म्हणाला, बाई, नवरात्राच्या मंडपांची लायटिंग चाललीय, मरायला सवड नाही, दसऱ्यानंतर येतो. दुसऱ्याला केला. तोही मंडपातच. सगळ्या गावाचा उजेड लावायला माणसं होती, आमच्या एका तारेला नव्हतं. मोटारीची पिन मी बोर्डातनं उपसून खिडकीत ठेवून दिली आणि घरात सगळ्यांना बजावलं. पण पिन लावायला काय लागतं?

घट बसले. देवघरात पत्रावळीवर काळी माती, तीत धान्य, मधे घट, वर पहिली माळ. अखंड दिवा लागला. मी शाळेला निघताना पायात चपला सरकवत होते आणि सहज अक्कांच्या चपलांकडं लक्ष गेलं. जागेवर नव्हत्या. त्यांनी धुऊन, पिशवीत बांधून माळ्यावर टाकल्या होत्या.

आमच्या भागात नवरात्रात कितीतरी माणसं पायात काही घालत नाहीत. तुळजापूरच्या आईसाठी नऊ दिवस अनवाणी. अक्कांचं लग्नापासनं एकही नवरात्र चुकलं नव्हतं. दीरही अनवाणीच असायचे. इतकी वर्षं हे मी डोळ्यांनी बघत होते, आणि त्या सकाळी पहिल्यांदा मला ते दिसलं. मोटारीची चप्पल ही चप्पलच होती. ती त्या घालणार नव्हत्या.

"अक्का, नळ सुटला तर?"

"सुटू दे की. पाणी भरायचं."

"चप्पल घालून."

"खुळी का काय तू! माळ चालू असताना?"

"तेवढ्यापुरती. मोटारीपुरती. देवी काय चपला मोजत बसलीय?"

त्यांचा चेहरा बदलला. इतकी वर्षं मी त्यांच्याशी वाटेल ते बोलत आले, पण असा चेहरा पाहिला नव्हता. "पोरीसाठी हाय ह्या वर्षी," त्या म्हणाल्या. "मागच्या बारीला काय झालं ठावं हाय ना तुला? मी तवा गुडघ्याच्या दुखण्यापायी दोन माळांत चप्पल घातली होती. कुणाला सांगितलं न्हाय. तुला सांगते."

त्या पोटातल्या पोराशी चपलेचा काडीचा संबंध नव्हता, हे मला माहीत होतं, त्यांच्या नर्स लेकीनंही हेच सांगितलं असतं. पण ज्या बाईनं एवढी वर्षं मनात हे धरून ठेवलं, तिला मी देवघराच्या दारात उभं राहून कोणत्या तोंडानं समजावणार? मला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग तर सगळ्यांचाच येत होता, देवीसकट.

शेवटी मी म्हणाले, "मोटार मी लावणार. मला कसलं व्रत नाही, मी चप्पल घालीन. मी घरात नसताना नळ सुटला तर जाऊ द्यायचा. पाणी गेलं तरी चालेल. मोटारीला हात लावायचा नाही. कबूल?"

"बरं बाई."

"घटासमोर म्हणा."

"म्हणलं की बरं बाई!" त्या हसल्या. "मास्तरीण हायेस, का फौजदार?"

त्यानंतरचा एकेक दिवस मी मोजून काढला. रोज शाळेत जाताना मी खड्ड्यावरची फळी बघून जायची. वर्गात नकाशा लावून उभी राहायची आणि कान गावाकडं. कुणी म्हणायचं आज सुटणार, कुणी म्हणायचं पाइपलाइन फुटलीय, दसऱ्यालाच येईल. मी मनात म्हणायची, फुटू दे, दसऱ्यापर्यंत तशीच राहू दे. टाकीतलं पाणी खाली खाली चाललं होतं. दीर रोज टाकीवर टकटक करून बघायचे आणि कुणाकडंही न बघता म्हणायचे, "नळ आला पायजे बाबा." रोज एक माळ वर चढत होती आणि घटातलं धान उगवून पिवळं दिसायला लागलं होतं. संध्याकाळी घरी येऊन अक्कांना हातीपायी धड बघितलं की मी त्यांच्यावरच उगाच खेकसायची.

सातव्या माळेला रविवार होता. माझ्या मनावरचं ओझं उतरलं, मी दिवसभर घरात होते. मालक दुकानात गेले होते. दीर दिव्याचं तेल आणायला बाजारात गेले. अक्का देवघरात माळ ओवत बसल्या होत्या. तेवढ्यात पोरीचा कॉल आला. बॅटरी संपत आली होती म्हणून मी चार्जर लावला आणि पुढच्या खोलीत बसले.

पोरगी खुशीत होती. सोनोग्राफी करून आली होती. "काकू, सगळं व्यवस्थित हाय. ठोके ऐकले मी. आईला बोलवा ना, तिला सांगायचंय मला."

"अक्का!" मी हाक मारली. "लेक बोलवतीय!"

"आले, आले!" आतनं आवाज आला. "तेवढी माळ बांधून येते, तुम्ही बोला!"

आम्ही बोलत राहिलो. बाहेर नळ सुटला ते मला ऐकू आलं नाही. डोक्यावर पंखा घरघरत होता, आणि पोरगी त्या डबड्या आवाजात ठोके कसे वाजतात ते तोंडानं करून दाखवत होती. अक्कांना मात्र ऐकू गेलं असणार. पाणी चाललंय, मास्तरीण आपल्या लेकीशी बोलतीय, तिला कशाला उठवायचं, असंच त्यांच्या मनात आलं असणार. दुसरं काय येणार? टाकीत पाणी नव्हतं, आणि लेकीच्या तोंडचं बोलणं तोडणाऱ्या त्या नव्हत्या.

पडद्यावर पोरीचा चेहरा एकाएकी बारीक झाला आणि कोपऱ्यात गेला.

मी बोट लावलं नव्हतं. माझे दोन्ही हात मांडीवर होते. तिचा आवाज बंद झाला, तोंड हलत होतं. मग भराभरा एकावर एक पानं उघडायला लागली, आणि कॉल तुटला.

मी दाराजवळच्या मेन स्विचकडं धावले. अंगणात जायचं नाही, आधी मेन, आधी मेन, एवढंच डोक्यात होतं. दांडा खाली ओढला. पंखा थांबत गेला, मोटारीची घरघर थांबली. मग मी अंगणात गेले.

अक्का खड्ड्याच्या कडेला कुशीवर पडल्या होत्या. एक हात अजून खड्ड्यात होता. पदराला माळेचा झेंडू अडकला होता. नळाचं पाणी आपलं येतच होतं, खड्डा भरून फरशीवरून त्यांच्या केसांखालनं वाहत होतं. मी त्यांना ओढून कोरड्यात घेतलं, छाती दाबली, तोंडानं श्वास दिला, शाळेतल्या शिबिरात शिकवलं होतं ते सगळं केलं. आणि ओरडत होते, काय ओरडत होते देव जाणे. भिंतीपलीकडं सगळ्या घरांच्या मोटारी चालू होत्या, त्या आवाजात मला कुणी ऐकेना. शेवटी शेजारच्या वहिनींनी भिंतीवरनं डोकावलं, त्या विचारत होत्या, तुमची मोटार बंद का. मग माणसं आली. कोपऱ्यावरचे डॉक्टर धावत आले, मी केलं तेच त्यांनी बराच वेळ केलं, मानेला बोटं लावली, आणि मग हात मागं घेऊन नुसते बसून राहिले.

दीर तेलाची बाटली घेऊन दारात उभे होते. मी त्यांच्यावर ओरडले. थोरल्या दिरांशी कधी एकेरीत बोलले नव्हते, त्या दिवशी अरे-तुरे केलं. दसरा हू दे म्हणालास ना, म्हणाले. त्याची मला लाज वाटायला पाहिजे असं सगळे म्हणतात. मला अजून वाटत नाही.

आत लॅपटॉप वाजायला लागला. बॅटरीवर चालू होता, नेट माझ्या फोनचं. वाजून थांबला, पुन्हा वाजला. कुणी जाईना. बाया एकमेकींकडं बघत होत्या, दीर भिंतीला टेकून खाली बसले होते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उठले. हात पदराला पुसले. पडद्यावर हिरव्या खुणेवर बोट टेकवलं, पहिल्या टेकण्यात उघडला.

पोरीच्या समोर ताट होतं.

"कट झालं बघा मघाशी. आई आली का, काकू?" ती म्हणाली. "तिला बोलवा ना. रात्रीपासनं उपाशीच हाय मी, तिला सांगते आणि मग जेवते."

अंगणातलं तिला दिसू नये म्हणून मी लॅपटॉप भिंतीकडं वळवला. तिच्या पोटात पोर होतं. घरी एकटीच होती.

"तू आधी जेवून घे बाई," मी म्हणाले. "मग बोलू."

तिनं घास उचलला होता, तो तसाच हातात राहिला. इथलीच पोर ती. लांबच्या माणसाला आधी जेवून घे असं आमच्याकडं कधी सांगतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"काकू," ती म्हणाली, "आईला हाक मारा. माझ्यासमोर मारा."